फ्रेडरिक डग्लस : कागदावरच्या स्वातंत्र्याचा जाब

अब्राहम लिंकनवर गोळी झाडली गेली त्या घटनेला अकरा वर्षे पूर्ण झाली, त्या दिवशी म्हणजे १४ एप्रिल १८७६ रोजी वॉशिंग्टन शहरात त्याच्या एका पुतळ्याचे अनावरण झाले. या पुतळ्याचा खर्च मुक्त झालेल्या गुलामांनी वर्गणी काढून उभा केला होता. त्यातले पहिले पाच डॉलर एका मुक्त झालेल्या स्त्रीने आपल्या कमाईतून दिले होते. समारंभास अध्यक्ष ग्रँट, त्याचे मंत्री, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आणि सिनेटचे सभासद उपस्थित होते. मुख्य वक्ता होता फ्रेडरिक डग्लस. वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत मेरिलंड राज्यात कायद्याने दुसऱ्याची मालमत्ता असलेला माणूस. अशा प्रसंगी कृतज्ञतेचे चार शब्द बोलून खाली बसावे, अशीच सर्वांची अपेक्षा असणार. डग्लसने कृतज्ञता व्यक्त केली. पण त्याआधी त्याने त्या मातबर श्रोत्यांना ऐकविले की, लिंकन हा मुख्यतः गोऱ्यांचा अध्यक्ष होता, गुलामांचे हित त्याच्या दृष्टीने दुय्यम होते आणि संघराज्य वाचविण्यासाठी ते बाजूला ठेवण्याची त्याची बराच काळ तयारी होती. गुलामगिरीच्या कट्टर विरोधकांच्या मापाने तो मंद होता. मात्र ज्या देशाचे नेतृत्व त्याला करावयाचे होते त्या देशाच्या मापाने तो पुष्कळच पुढे होता, असा निवाडा देऊन डग्लसने भाषण आवरते घेतले. पुतळ्याच्या पायथ्याशी भाषण करताना पुतळ्यातील माणसाचा इतका चोख हिशेब मांडणारे वक्ते कोणत्याही देशात थोडेच.

यानंतर वर्षभरातच लिंकनच्या पक्षाने दक्षिणेतील कृष्णवर्णीयांना वाऱ्यावर सोडले. ज्या सरकारने हे केले त्याच सरकारने डग्लसला मानाची नोकरी दिली आणि त्याने ती स्वीकारली. डग्लसच्या चरित्राचा विचार करताना या दोन्ही गोष्टी एकत्र ध्यानात ठेवाव्या लागतात.

त्याचा जन्म मेरिलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील टॉलबट परगण्यात झाला. आई हॅरिएट बेली ही गुलाम होती. बाप कोणी गोरा असावा, कदाचित मालकच, एवढीच कुजबूज त्याच्या कानी आली होती. आई दूरच्या शेतावर कामाला असल्याने तो आजीजवळ वाढला. आईची भेट क्वचित आणि तीही रात्री व्हावयाची. तो सुमारे सात वर्षांचा असताना ती वारली. आपली जन्मतारीख त्याला माहीत नव्हती. गुलामांना वाढदिवस नसतो; त्यांचा जन्म पेरणीच्या किंवा कापणीच्या हंगामाशी जोडून सांगितला जाई. मात्र मालकाच्या वहीत नोंद होती. ॲरन अँथनी या मालकाच्या कागदपत्रांत इतर मालमत्तेबरोबर गुलामांच्या जन्माची यादी आहे. हॅरिएटचा मुलगा फ्रेडरिक हा फेब्रुवारी १८१८ मध्ये जन्मल्याचे तीत लिहिलेले आहे. संशोधकांनी ही नोंद उजेडात आणली तेव्हा डग्लसच्या मृत्यूला ऐंशीहून अधिक वर्षे लोटली होती.

१८२६ मध्ये, आठव्या वर्षी, त्याला बाल्टिमोर येथे ह्यू ऑल्ड याच्या घरी मूल सांभाळण्यास पाठविण्यात आले. घरची मालकीण सोफिया हिच्याकडे यापूर्वी गुलाम कधी नव्हता. मुलाला अक्षरे शिकवू नयेत हे तिला कोणी सांगितलेले नसल्यामुळे तिने ती शिकविण्यास प्रारंभ केला. नवऱ्याला हे कळताच त्याने ते बंद पाडले. वाचता येऊ लागले की गुलाम कामाचा राहत नाही, असे त्याने बायकोला मुलाच्या देखतच समजावून सांगितले. डग्लस पुढे म्हणत असे की, आपल्या शिक्षणात मालकिणीच्या मायेइतकाच मालकाच्या या विरोधाचाही वाटा आहे. मालकाला ज्याचे भय वाटते तेच आपण मिळविले पाहिजे, एवढा तर्क त्या मुलाला उमगला. खिशात भाकरीचे तुकडे घालून तो रस्त्यावर जाई आणि भुकेल्या गोऱ्या पोरांना ते देऊन त्यांच्याकडून शब्द शिकून घेई. गोदीतले सुतार फळी जहाजाच्या कोणत्या बाजूची हे कळावे म्हणून तिच्यावर खडूने अक्षरे काढीत, त्यांवरून तो लिहावयास शिकला. मालकाच्या मुलाच्या जुन्या वह्यांतील रिकाम्या जागा त्याने भरून काढल्या. बूट पुसून साठविलेल्या पन्नास सेंटांतून त्याने वक्तृत्वाचे एक पाठ्यपुस्तक विकत घेतले. त्यात मालक आणि गुलाम यांचा एक संवाद होता. गुलाम बिनतोड युक्तिवाद करतो आणि मालक त्याला मुक्त करतो, असा त्याचा शेवट होता. प्रत्यक्षात असे घडत नाही हे कळण्याचे वय अजून आले नव्हते.

ते लवकरच आले. १८३३ मध्ये त्याला पुन्हा खेड्यावर धाडण्यात आले आणि पुढच्या वर्षी एडवर्ड कोव्ही नावाच्या शेतकऱ्याकडे एक वर्षाच्या कराराने देण्यात आले. हा कोव्ही उर्मट गुलामांना वठणीवर आणण्याबद्दल पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. पहिल्या सहा महिन्यांत आठवडा असा जाईना की पाठीवर वळ उठले नाहीत. ऑगस्ट १८३४ मध्ये एके दिवशी सोळा वर्षांच्या या मुलाने उलट कोव्हीचा गळा धरला. दोघांची झटापट बराच वेळ चालली आणि त्यानंतर वर्ष संपेपर्यंत कोव्हीने त्याच्यावर हात उगारला नाही. त्याने अधिकाऱ्यांकडे तक्रारही केली नाही. एका पोराने आपल्याला हटविले ही वार्ता पसरली असती तर त्याचा धंदाच बसला असता.

पळून जाण्याचा पहिला बेत १८३६ मध्ये फुटला. त्याला तुरुंग घडला. दक्षिणेतील कापसाच्या मळ्यांवर विकला जाण्यापासून तो थोडक्यात वाचला. पुन्हा बाल्टिमोरला आल्यावर जहाजाच्या फळ्यांच्या फटी बुजविण्याचे काम तो शिकला. मजुरी चांगली मिळे, पण ती दर आठवड्याला मालकाच्या हातावर ठेवावी लागे. याच शहरात ॲना मरे ही घरकाम करणारी स्वतंत्र कृष्णवर्णीय तरुणी त्याला भेटली. ३ सप्टेंबर १८३८ रोजी खलाशाचा वेष करून आणि एका मुक्त कृष्णवर्णीय खलाशाचे ओळखपत्र उसने घेऊन तो आगगाडीत चढला. ओळखपत्रातील वर्णन त्याच्याशी जुळत नव्हते. तिकीट तपासनिसाने कागदावरील गरुडाचा सरकारी शिक्का पाहिला आणि तो पुढे गेला. चोवीस तासांच्या आत डग्लस न्यूयॉर्कमध्ये होता. प्रवासाच्या खर्चात ॲनाच्या शिलकीचा हात होता. बारा दिवसांनी त्यांचे लग्न झाले. पाच अपत्यांचा आणि अखंड फिरतीवर असलेल्या नवऱ्याचा संसार तिने ४४ वर्षे ओढला. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. डग्लसच्या तीन आत्मचरित्रांत तिच्याविषयी अगदीच थोडा मजकूर आहे, ही गोष्ट त्याच्या चाहत्यांनाही खटकत आली आहे.

मॅसॅच्युसेट्समधील न्यू बेडफर्ड या बंदरात जोडप्याने बिऱ्हाड केले. पकडले जाण्याच्या भयाने बेली हे आडनाव टाकून त्याने डग्लस हे नाव घेतले; वॉल्टर स्कॉटच्या एका काव्यातून ते एका स्नेह्याने सुचविले होते. १८४१ मध्ये नँटकेट बेटावर गुलामगिरीविरोधी सभेत तो चाचरत का होईना, बोलला आणि विल्यम लॉइड गॅरिसनच्या संस्थेने त्याला फिरता व्याख्याता म्हणून नेमले. गॅरिसनच्या अनुयायांची अपेक्षा अशी की, डग्लसने आपली हकिकत तेवढी सांगावी. तिच्यावरचे भाष्य ते करतील. काहींनी तर त्याने बोलण्यात मळ्यावरची भाषा थोडी ठेवावी, नाहीतर तो गुलाम होता हे कोणाला पटणार नाही, असेही सुचविले. भाषा इतकी सफाईदार की लोक खरोखरीच शंका घेऊ लागले. तेव्हा १८४५ मध्ये त्याने मालकांची नावे आणि गावे देऊन आत्मचरित्र लिहिले. पुस्तक पहिल्या चार महिन्यांतच सुमारे पाच हजार खपले; पण नावे उघड झाल्याने लेखकाला पकडले जाण्याचा धोका निर्माण झाला आणि तो आयर्लंड व इंग्लंडला गेला. तेथे पावणेदोन वर्षे त्याने सभा गाजविल्या. तेथील मित्रांनी १८४६ मध्ये दीडशे पौंड भरून त्याला मालकाकडून सोडवून घेतले. माणसाची किंमत मोजणे म्हणजे माणसावरील मालकी मान्य करणे होय, असा आक्षेप अमेरिकेतील काही तत्त्वनिष्ठांनी घेतला. ज्यांच्या डोक्यावर पकड-वॉरंटाची टांगती तलवार नव्हती त्यांना हा आक्षेप सुचणे सोपे होते.

१८४७ च्या डिसेंबरमध्ये डग्लसने रॉचेस्टर येथे ‘नॉर्थ स्टार’ हे स्वतःचे साप्ताहिक काढले. गुरुशिष्यांत येथूनच अंतर पडू लागले. त्यांच्या वादाचा विषय होता अमेरिकेची राज्यघटना, आणि तो पुस्तकी वाद नव्हता.

१७८७ च्या घटनेत गुलाम हा शब्द कोठेही नाही. पण गुलामगिरीची सोय तीन ठिकाणी होती. प्रतिनिधिगृहातील जागा ठरविताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असा हिशेब करावयाचा होता, त्यामुळे ज्यांना मत नव्हते त्यांच्या संख्येच्या जोरावर त्यांच्या मालकांची सत्ता वाढे. आफ्रिकेतून माणसे आणण्याच्या व्यापारावर १८०८ पर्यंत बंदी घालता येणार नव्हती. पळालेला कामकरी दुसऱ्या राज्यात सापडला तर त्याला परत करणे बंधनकारक होते. ही घटना पापाचा करार आहे, तिच्याखाली मत देणेही पाप आहे आणि उत्तरेने दक्षिणेशी संबंध तोडावेत, अशी गॅरिसनची भूमिका होती. १८५४ च्या स्वातंत्र्यदिनी त्याने घटनेची प्रत भर सभेत जाळली. डग्लस दहा वर्षे हेच शिकवीत आला होता. मात्र ‘नॉर्थ स्टार’ चालवीत असताना गेरिट स्मिथसारख्या मंडळींशी वाद करता करता त्याने घटना पुन्हा वाचली आणि १८५१ मध्ये मत बदलल्याचे जाहीर केले. त्याचा युक्तिवाद वकिली थाटाचा होता. कायद्याचा अर्थ त्याच्या शब्दांवरून लावावयाचा. तो करणाऱ्यांनी बंद खोलीत मनात काय धरले होते यावरून नव्हे. शब्द पाहिले तर प्रस्तावनेत जनता आहे, गोरी जनता नाही; कायद्याच्या रीतसर प्रक्रियेवाचून कोणाही व्यक्तीचे स्वातंत्र्य हिरावता येणार नाही अशी हमी आहे. ज्यांना गुलामगिरी हवी होती त्यांना ती नावाने लिहिण्याची लाज वाटली. त्या लाजेचा फायदा गुलामाने का घेऊ नये?

इतिहास म्हणून पाहिले तर गॅरिसनचे वाचन अधिक खरे होते यात शंका नाही. घटनाकारांच्या चर्चेची टिपणे १८४० मध्ये प्रसिद्ध झाली होती आणि गुलामांच्या मालकांशी सौदा झाल्याचे त्यांत स्पष्ट दिसत होते. सर्वोच्च न्यायालयानेही १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही असा निर्णय दिला. तरीही राजकारण म्हणून डग्लसचीच वाट योग्य होती. ज्या दस्तऐवजाची शपथ घेऊन अध्यक्ष आणि न्यायाधीश राज्य करतात तो जाळून टाकला की त्यांना जाब विचारण्याचे साधनही जळते. घटना जाळणाऱ्या गॅरिसनला दुसऱ्या देशाची कल्पना करणे परवडत होते. डग्लसला याच देशात जागा हवी होती. दोघांचे बोलणे बंद झाले. गॅरिसनच्या वृत्तपत्रातून डग्लसच्या खाजगी आयुष्यावरही शिंतोडे उडाले.

५ जुलै १८५२ रोजी रॉचेस्टरमध्ये स्वातंत्र्यदिनानिमित्त त्याने जे व्याख्यान दिले ते याच वळणावरचे आहे. आदल्या दिवशी बोलण्यास त्याने नकार दिला होता, कारण तो सण त्याच्या लोकांचा नव्हता. राष्ट्रसंस्थापकांचे शौर्य त्याने मोकळेपणाने गौरविले आणि मग गुलामांच्या बाजारांचे वर्णन करून हा उत्सव गुलामाच्या दृष्टीने काय आहे, असा प्रश्न सभेला विचारला. त्याच व्याख्यानाच्या अखेरीस तो घटना हे स्वातंत्र्याचेच शासन आहे असेही सांगतो. संताप आणि हक्क यांची ही जोड त्याने पुढे कधी सोडली नाही.

एक गोष्ट त्याने नाकारली, तिचीही नोंद करावयास हवी. ऑगस्ट १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियातील चेंबर्सबर्ग येथे एका जुन्या दगडखाणीत जॉन ब्राऊनने त्याची गुप्त भेट घेतली आणि हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रागारावरील हल्ल्यात सामील होण्याची गळ घातली. हा पोलादी सापळा आहे, आत गेलेला बाहेर येणार नाही, असे डग्लसचे मत पडले. त्याच्याबरोबर आलेला शील्ड्स ग्रीन हा पळून आलेला गुलाम मात्र ब्राऊनबरोबर गेला आणि फासावर चढला. डग्लसचा अंदाज अक्षरशः खरा ठरला; तरीही कॅनडामार्गे इंग्लंडला निघून जाताना त्याच्यावर भित्रेपणाचा आरोप झालाच. तो परदेशी असताना त्याची लहान मुलगी ॲनी वारली.

१८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झाले तेव्हा अमेरिकेत सुमारे चाळीस लाख गुलाम होते. हे युद्ध केवळ संघराज्यासाठी आहे, गुलामगिरीशी त्याचा संबंध नाही, असे लिंकन सुरुवातीस सांगत होता. मुक्त गुलामांनी परदेशी जाऊन वसाहत करावी, असा सल्लाही त्याने १८६२ मध्ये कृष्णवर्णीयांच्या एका शिष्टमंडळास दिला. डग्लसने त्याच्यावर आपल्या पत्रातून कडक टीका केली. १ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा निघाल्यावर मात्र तो सैन्यभरतीसाठी गावोगाव फिरला. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीत त्याने आपले लुइस आणि चार्ल्स हे दोन मुलगे दाखल केले; फोर्ट वॅग्नरवरील हल्ल्यात लुइस होता. युद्ध संपेपर्यंत पावणेदोन लाखांहून अधिक कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या फौजेत भरती झाले. गोऱ्या शिपायास महिना तेरा डॉलर आणि वर कपडे. काळ्यास दहा, त्यांतून कपड्यांचे तीन वजा. शत्रूच्या हाती सापडला तर गोरा युद्धकैदी होई, काळ्याच्या नशिबी पुन्हा गुलामगिरी किंवा मरण. या दोन तक्रारी घेऊन ऑगस्ट १८६३ मध्ये डग्लस लिंकनला भेटला. अध्यक्षाने त्याचे म्हणणे नीट ऐकून घेतले, पण समान पगाराला थोडा वेळ लागेल असे सांगितले. त्याला पुढे दहा महिने लागले. डग्लसला स्वतःला अधिकाऱ्याचा हुद्दा देण्याचे युद्धमंत्र्याने कबूल केले होते. तो कागद कधीच आला नाही. पुढच्या वर्षीच्या भेटीत चित्र पालटले होते. निवडणूक हरण्याची धास्ती घेतलेल्या लिंकनने त्यालाच विचारले की, तह होण्यापूर्वी जास्तीत जास्त गुलामांना दक्षिणेतून बाहेर कसे काढता येईल. या भेटीनंतर डग्लसचे लिंकनविषयीचे मत बदलले, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे.

युद्ध संपले, गुलामगिरी १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने रद्द झाली. आपले काम संपले, असे म्हणून गॅरिसनने संस्था विसर्जित करण्याचा ठराव आणला. डग्लसने त्यास विरोध केला. काळ्या माणसाच्या हाती मतपत्रिका येईपर्यंत गुलामगिरी संपली असे म्हणता येणार नाही, हे त्याचे म्हणणे होते. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने नागरिकत्व आणि कायद्याचे समान संरक्षण मिळाले, १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वंशाच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास बंदी झाली. डग्लसने १८५१ मध्ये घटनेत जे वाचले होते ते आता खरोखरीच तीत लिहिले गेले. त्यासाठी त्याला जुने स्नेही दुखवावे लागले. १८४८ मध्ये सेनेका फॉल्सच्या स्त्रियांच्या परिषदेत मताधिकाराच्या ठरावाची बाजू हिरिरीने घेणारा तो पुरुष. पण पंधराव्या दुरुस्तीत स्त्रियांचा समावेश नव्हता आणि एलिझाबेथ स्टँटन व सुझन अँथनी यांनी तिला विरोध केला, तेव्हा काळ्या पुरुषाला मत हा जीवनमरणाचा प्रश्न आहे, स्त्रियांना थोडे थांबता येईल, असे त्याने सांगितले. स्टँटनने त्यावर अशिक्षित काळ्यांविषयी जे उद्गार काढले ते तिला शोभणारे नव्हते. पण काळ्या स्त्रीने कोणत्या रांगेत थांबावयाचे, याचे समाधानकारक उत्तर डग्लसजवळही नव्हते.

सातासमुद्रांपलीकडे याच सुमारास, १८७३ मध्ये, पुण्यात जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा आपला ग्रंथ अमेरिकेतील त्या सज्जन लोकांना अर्पण केला, ज्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली होती. शूद्रातिशूद्रांना दास्यातून सोडविण्यासाठी आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा अशी जोतीरावांची इच्छा होती. त्या वेळी अमेरिकेतील लढाई जिंकली गेली, असेच दूरवरून दिसत होते. आणि खुद्द अमेरिकेतही पुष्कळांना तसे वाटत होते. दक्षिणेत दीड हजारांहून अधिक कृष्णवर्णीय लहानमोठ्या अधिकारपदांवर होते, मिसिसिपीने एका कृष्णवर्णीयाला सिनेटवर पाठविले होते.

पाया मात्र कच्चा होता. मुक्त झालेल्यांना मत मिळाले, जमीन मिळाली नाही. युद्धाच्या अखेरीस जनरल शर्मनने किनाऱ्यावरच्या जमिनी त्यांना तोडून दिल्या होत्या, त्या अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनने काही महिन्यांतच जुन्या मालकांना परत केल्या. डग्लसचे या प्रश्नाकडे तेव्हा पुरेसे लक्ष नव्हते. स्वतःच्या हिमतीवर वर आलेल्या माणसाची नजर त्याच्या ठायी होती. मत, शाळा आणि काटकसर यांच्या बळावर आपले लोक उभे राहतील असे तो मानी. या श्रद्धेला पहिला तडाखा १८७४ मध्ये बसला. मुक्त गुलामांच्या बचतीसाठी स्थापन झालेल्या फ्रीडमन्स बँकेचे अध्यक्षपद मार्चमध्ये त्याच्या गळ्यात घालण्यात आले. बँकेच्या संचालकांनी ठेवी जमिनींच्या सट्ट्यात आणि बुडीत कर्जांत घालविल्या आहेत हे त्याला आत गेल्यावर कळले. त्याने स्वतःचे दहा हजार डॉलर बँकेला उसने दिले. पण उन्हाळ्यात बँक बंद पडली. ६१ हजार ठेवीदारांचे सुमारे तीस लाख डॉलर अडकले. त्यांत धुणी धुणाऱ्या बाया होत्या, शेतमजूर होते, युद्धातला पगार साठविलेले शिपाई होते. या बँकेमागे सरकार उभे आहे असा त्यांचा समज होता आणि तो कोणी दूर केला नव्हता. अनेकांना एक सेंटही परत मिळाला नाही. ज्यांनी पैसा खाल्ला ते बाजूला राहिले. लोकांना आठवत राहिले ते शेवटच्या अध्यक्षाचे नाव.

त्यानंतर १८७७ आले. अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा निकाल वादात सापडला होता. रिपब्लिकन पक्षाचा हेज अध्यक्ष झाला आणि एप्रिलमध्ये दक्षिण कॅरोलायना व लुइझियाना येथील राज्य सरकारांना आधार देणारे केंद्राचे सैन्य त्याने मागे घेतले. दक्षिण पुन्हा जुन्या मालकांच्या हाती गेली. त्याच हेजने मार्चमध्ये डग्लसला राजधानीचा मार्शल नेमले. अध्यक्षांच्या मेजवान्यांत पाहुण्यांची ओळख करून देण्याचे मार्शलचे काम तेवढे गुपचूप दुसऱ्याकडे देण्यात आले. डग्लसने राजीनामा दिला नाही. त्याला पक्ष सोडवेना. लोकशाही चालविणारे दुसरे गलबत दिसत नसताना जे आहे त्यातून समुद्रात उडी कशी टाकावी, असा त्याचा विचार होता. १८७९ मध्ये हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे अत्याचारांना कंटाळून कॅन्ससकडे निघाली, तेव्हा त्यांनी जाऊ नये, घटनेने दिलेले हक्क जागेवरच मागावेत, असा उपदेश त्याने वॉशिंग्टनहून केला. तत्त्व म्हणून त्यात तथ्य होते. पण ज्यांच्या दाराशी रात्री घोडेस्वार येत होते त्यांना तो उपदेश ऐकणे परवडणारे नव्हते; सरकारी वेतन घेणाऱ्या माणसाच्या तोंडून तर नाहीच. डग्लसच्या आयुष्यातील ही सर्वात मोठी चूक म्हणावी लागेल.

त्याच १८७७ साली तो सेंट मायकेल्स येथे आपला जुना मालक थॉमस ऑल्ड याला भेटावयास गेला. अर्धांगाने अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याने त्याला मार्शल डग्लस म्हणून हाक मारली. डग्लसने त्याला पूर्वीप्रमाणे कॅप्टन ऑल्ड म्हटले. दोघांनाही रडू आले. निघण्यापूर्वी डग्लसने त्याला आपल्या जन्माचा काळ विचारून घेतला. फेब्रुवारी १८१८, असे ऑल्डने सांगितले. या भेटीबद्दल डग्लसवर टीका झाली. ॲनाच्या मृत्यूनंतर १८८४ मध्ये त्याने हेलन पिट्स या आपल्या कचेरीतील गोऱ्या सुशिक्षित स्त्रीशी लग्न केले तेव्हा तर दोन्ही समाज खवळले. गुलामगिरीविरोधी चळवळीत वाढलेला हेलनचा बापही त्याला घरात घेईना.

१८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १८७५ चा नागरी हक्कांचा कायदा रद्द ठरविला. हॉटेल, नाटकगृह आणि आगगाडी येथील भेदभाव हा खाजगी व्यवहार असून चौदावी दुरुस्ती तेथे लागू पडत नाही, असा तो निर्णय होता. कायद्याचा अर्थ शब्दांवरून लावावा, हेच तर डग्लसचे जुने सूत्र. आता न्यायमूर्ती तेच सूत्र घेऊन शब्दांतला प्राण काढून घेत होते, आणि त्याने या वेळी करणाऱ्यांच्या हेतूकडे बोट दाखविले. हा बदल सोयीचा होता असे कोणी म्हणेल. पण १८६८ च्या हेतूचा तो स्वतः साक्षीदार होता.

डोळे पुरते उघडले ते १८८८ मध्ये. सत्तरीच्या डग्लसने दक्षिण कॅरोलायना आणि जॉर्जियाचा दौरा केला आणि अर्धेलीने शेती कसणाऱ्यांचे हिशेब पाहिले. जमीन मालकाची, बियाणे मालकाचे, दुकानही मालकाचे. मजुरी रोख न मिळता त्याच दुकानाच्या चिठ्ठ्यांत मिळावयाची. बाहेर त्या चिठ्ठ्यांना किंमत नाही. दुकानातल्या भावांवर कुळाचा ताबा नाही, वही त्याला वाचता येत नाही आणि हंगामाच्या शेवटी कर्ज उरतेच. कर्ज फिटेपर्यंत गाव सोडता येत नाही. मत द्यावयास गेला तर पेटी दुसऱ्याच्या हातात. वॉशिंग्टनला परतल्यावर मुक्तिदिनाच्या वार्षिक समारंभात त्याने ही सारी माहिती मांडली आणि ज्या मुक्तीचा उत्सव आपण करीत आहोत ती काळ्या माणसाशी आणि जगाशी केलेली फसवणूक आहे, असे स्वच्छ सांगितले. रशियातील भूदासांना मुक्त करताना जमीन तरी मिळाली, आमच्या लोकांना उघड्या आभाळाखाली सोडून दिले, ही तुलना तो उतारवयात वारंवार करी. १८६५ मध्ये ज्याकडे त्याचे लक्ष गेले नव्हते, ते तो आता मांडीत होता.

हैतीमधील राजदूतपदावर तो १८८९ ते १८९१ अशी दोन वर्षे होता. तेथील एक बंदर अमेरिकेच्या आरमारासाठी मिळविण्याचा सरकारचा डाव फसला, त्याचे खापर वृत्तपत्रांनी त्याच्यावर फोडले. दरम्यान १८९० मध्ये मिसिसिपीने नवी राज्यघटना केली. मतदानासाठी दोन डॉलरची डोईपट्टी आणि घटनेच्या कलमाचा अर्थ सांगण्याची परीक्षा, या दोन अटींत वंशाचा शब्द नव्हता. पंधराव्या दुरुस्तीचे अक्षर शाबूत ठेवून मते काढून घेण्याची ही युक्ती लवकरच इतर राज्यांनी उचलली, आणि ती मोडून काढणारा मताधिकाराचा केंद्रीय कायदा येण्यास १९६५ साल उजाडावे लागले.

शेवटच्या वर्षांत त्याला पुन्हा धार चढली ती बव्हंशी आयडा वेल्स या तरुण पत्रकर्तीमुळे. जमावाने झाडाला टांगलेल्या कृष्णवर्णीयांची प्रकरणे ती नावानिशी गोळा करीत होती. स्त्रियांवरील अत्याचाराचे कारण हे बहुधा कुभांड असते, हे तिने दाखवून दिले. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात कृष्णवर्णीय अमेरिकनांना स्थान नव्हते. हैती सरकारने आपल्या दालनाचा प्रतिनिधी म्हणून डग्लसला नेमले होते, म्हणून तो तेथे बसू शकला. वेल्सने काढलेली निषेधाची पुस्तिका याच दालनातून वाटली गेली. जानेवारी १८९४ मध्ये वॉशिंग्टनच्या एका चर्चमध्ये त्याने झुंडीच्या हत्यांवर दीर्घ व्याख्यान दिले. देशात निग्रोंचा प्रश्न म्हणून काही नाही. राष्ट्र आपल्याच घटनेला जागणार आहे की नाही, एवढाच प्रश्न आहे, असे प्रतिपादन त्याने त्यात केले. १८५१ पासून तो हेच सांगत आला होता.

२० फेब्रुवारी १८९५ रोजी वॉशिंग्टनमध्ये स्त्रियांच्या राष्ट्रीय परिषदेची बैठक होती. डग्लस दिवसभर तेथे होता. सुझन अँथनीने इतरांसमवेत त्याला सन्मानाने व्यासपीठावर नेले. संध्याकाळी ॲनाकॉस्टियाच्या टेकडीवरील घरी आल्यावर तो हेलनला बैठकीची हकिकत सांगत होता. एका वक्त्याची नक्कल करता करता तो गुडघ्यांवर आला. ही नकलेतलीच गंमत आहे असे तिला प्रथम वाटले. त्या रात्री जवळच्याच एका कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये त्याचे भाषण ठरलेले होते आणि त्याला न्यावयास यावयाची गाडी वाटेवर होती.